तीन टक्के वेस्टेज

सोम. ६ जाने.

नहदाहून निघालो सहा पन्नासला, अल कूझला पोचलो आठ पाचला. चाळीस मिनिटं दोन अमिरातींमधल्या बॉर्डरवरच, ट्रॅफिकमध्ये. शेजारी रोडेल. आमच्या ऑफिसचा डॉक्युमेंट कंट्रोलर, फिलिपिनो, माझ्यापासून दोन बिल्डिंगा पुढे बेडस्पेसमध्ये, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, राहतो. आठ महिने माझ्याच गाडीतून येतो-जातो. कुठल्या ड्रॉइंगचं कितवं रिव्हिजन कोणाच्या टेबलावर अडकलंय हे फाइल न उघडता सांगतो. आज पहिल्यांदा त्याच्या फोनकडे नीट बघितलं. मनिलाच्या बास्केटबॉलची मॅच, खाली आकडा १९७.५.

हे काय, विचारलं. म्हणाला, दोन्ही टीमचे मिळून पॉइंट. कोण जिंकतं याच्याशी घेणंदेणं नाही. बेरीज या आकड्याच्या वर जाईल की खाली राहील, एवढंच सांगायचं. वर म्हणजे ओव्हर, खाली म्हणजे अंडर.

"आणि अर्धा पॉइंट कोण टाकतो?"

"नोबडी, सर. म्हणून तर बरोबरी होत नाही. एक पार्टी रडणारच."

सोळा वर्षं पाइपकामाच्या एस्टिमेशनमध्ये गेली. काम सुरू व्हायच्या आधी बेरीज सांगायलाच मला पगार मिळतो. दिवसभर तो आकडा डोक्यात घोळत राहिला.

बुध. ८ जाने.

परत येताना रोडेलचे नियम ऐकले. आठवड्यात दोनच मॅच. एका मॅचला वीस दिरहम. लागोपाठ दोन हरल्या की त्या आठवड्यापुरतं खलास. पैसे मनिलात मेहुणा लावतो, स्वतःच्या नावावर. इथे असलं काही करायचं नाही, पकडलं तर सरळ विमानात बसवतील. आणि हा बहुतेक वेळा अंडर घेतो. ऑफिसच्या पँट्रीत मॅच बघणारे बाकीचे सहाजण झाडून सगळे ओव्हरवाले.

का, ते त्याने फार नीट सांगितलं. ओव्हर घेतला की प्रत्येक बास्केटला टाळी वाजवता येते, शेवटच्या सेकंदापर्यंत आशा. अंडर घेतलेला माणूस, काही होऊ नये म्हणून बसलेला असतो. बॉल आत गेला की पोटात गोळा. आणि मॅच बरोबरीत सुटून एक्स्ट्रा टाइम मिळाला की मेलाच. म्हणून कोणाला अंडर नको असतो, सगळे ओव्हर घेतात, त्यामुळे आकडा पॉइंट-दोन पॉइंट वर सरकतो, आणि अंडरवाल्याचा तेवढा फायदा.

"इट्स बोरिंग, सर. बट बोरिंग इज गुड."

हा माणूस चहात साखर किती घ्यायची याचा अर्धा मिनिट विचार करतो. त्याच्याकडून हे ऐकून मजा वाटली.

शुक्र. १० जाने.

हॉटेलचं टेंडर काल गेलं, आज हात मोकळे. शाळेच्या जुन्या टेंडरची शीट घेतली, दुसऱ्या नावाने सेव्ह केली. पाइपांच्या जागी टीम, मीटरच्या जागी बॉल किती वेळा हातात येतो ते, रेटच्या जागी दर वेळी सरासरी किती पॉइंट. खाली बेरीज आपोआप. वीस मिनिटांचं काम. लहान मुलाने आगगाडी जुळवावी तसा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

रोडेल म्हणाला, "सर, हे तर टेंडरसारखं दिसतंय."

म्हटलं, टेंडरच आहे. फक्त यात क्लायंट भांडत नाही.

रवि. १२ जाने.

सुट्टी. साडेतीनला मॅच, लॅपटॉपवर लावली. माझा आकडा २०३, त्यांचा १९८.५. म्हणजे ओव्हर. शुभदाला वाटलं नवरा रविवारीसुद्धा काम करतोय, बिचारीने चहा आणून दिला. झाले २०६. लगेच रोडेलचा मेसेज: सर विनय जीनियस. पुढे तीन उद्गारचिन्हं आणि एक मुकुट.

मी एक फिल्ससुद्धा लावलेला नव्हता. तरी चहा गार झाला ते कळलं नाही.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. शु.ने ऑफिससाठी तिळगुळाचा डबा दिला होता, पँट्रीत वाटला. रिसेप्शनवरची मॅरिविक म्हणाली आमच्याकडेही तिळाचे गोळे असतात, फक्त तळलेले. तीन खाल्ले.

दुपारी प्रिंट घ्यायला गेलो तर प्लॉटरच्या मागे रोडेल आणि मॅरिविक. ती त्याला वॉल्ट्झ शिकवत होती. वन-टू-थ्री, वन-टू-थ्री. हा डोळे बुटांवर खिळवून. मला बघून लाजला.

गाडीत खुलासा झाला. त्याची मुलगी, कायला, २२ फेब्रुवारीला अठरा वर्षांची होते. त्यांच्यात मुलीचा अठरावा वाढदिवस म्हणजे लग्नाच्या खालोखाल. अठरा पुरुष एकेक गुलाब घेऊन येतात आणि तिच्याबरोबर नाचतात. काका, मामा, शेजारी, वर्गातली मुलं. शेवटचा गुलाब बापाचा. रोडेल चार वर्षांत घरी गेलेला नाही. "शी वॉज अप टू हियर," म्हणाला आणि सीटबेल्टवर हात ठेवला, छातीपाशी. आता बायको म्हणते त्याच्याएवढी झालीय.

तिकिटाची सोय भिशीतून. ते पलुवागन म्हणतात, पण आहे ती भिशीच. मॅरिविक चालवते, दहाजण, पाचशे-पाचशे. जानेवारीचा नंबर रोडेलचा, पाच हजार. पगाराच्या दिवशी मिळणार. हॉलचा अॅडव्हान्स मात्र आधी पाठवायचाय, तो त्याने वेगळा साठवलाय.

आमच्या सानिकाचा अठरावा वाढदिवस दोन वर्षांपूर्वी झाला. आम्ही पिझ्झा मागवला होता आणि ती नऊ वाजता मैत्रिणींकडे निघून गेली. शेवटचं तिच्याबरोबर कधी नाचलो? बहुतेक कधीच नाही.

शुक्र. १७ जाने.

तीनपैकी तीन. बुधवारी ओव्हर, आज ओव्हर. पँट्रीत माझी खुर्ची लोक रिकामी ठेवायला लागले. मला बघितलं की "सर विनय, नंबर?" बॉसने मला सोळा वर्षांत असा मान दिलेला नाही.

रोडेल आता वीस लावत नाही. आज शंभर होते. मला कळलं. काही बोललो नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, माझ्या आकड्यावर कोणीतरी एवढं टाकतंय याचं.

रवि. १९ जाने.

गेली. थोडक्यात. लाइन, म्हणजे त्यांचा आकडा, १९९.५, माझा २०५. शेवटच्या चार सेकंदांत एका पोराला दोन फ्री थ्रो. एक आत, एक रिंगवर फिरून बाहेर. बेरीज १९९.

फोनवर रोडेल एकच शब्द म्हणाला, "सायांग." त्यांचा हा शब्द हरल्यावर म्हणत नाहीत, हातातोंडाशी आलेलं गेल्यावर म्हणतात. विचारलं वाईट वाटलं का. म्हणाला, नाही सर, वीस पॉइंटने हरलो असतो तर वाटलं असतं, हे तर जवळजवळ जिंकलोच.

मी त्याला समजावलं: सहा पॉइंटचा फरक म्हणजे तीन टक्के, टेंडरमध्ये असा अंदाज आला तर बॉस जेवायला नेतो. त्याला पटलं. मलाही.

बुध. २२ जाने.

आज दोन मॅच, एकला आणि साडेतीनला. दोन्ही ओव्हर सांगितल्या. दोन्ही गेल्या.

परत येताना म्हटलं, दोन हरल्या, आता नियमाप्रमाणे खलास ना?

"तो नियम माझ्या अंदाजाचा होता, सर. हा तुमचा कॉम्प्युटर आहे."

इथे मी बोलायला हवं होतं. एक्झिटवर ट्रॅफिक होतं, लेन बदलायची होती, आणि नंतर विषयच बदलला. म्हणजे मीच बदलला.

शुक्र. २४ जाने.

आजची आली. दोनशे लावले होते त्याने. पँट्रीत टाळ्या. मॅरिविकने माझ्यापुढे केक ठेवला, कशाचा ते माहीत नाही.

घरी सानिका लॅपटॉप मागायला आली, शीट उघडी होती. ती युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. खुर्चीत मांडी घालून शीटमधल्या सगळ्या मॅच बघितल्या.

"बाबा, युअर मॉडेल नेव्हर सेज अंडर."

म्हटलं, सीझनच तसा आहे.

"देन इट्स नॉट अ मॉडेल. इट्स अ मूड."

राग आला. वीस वर्षांच्या पोरीने सोळा वर्षांच्या अनुभवाला शिकवायचं. लॅपटॉप देताना म्हटलं, चार्जर तुझा तू आण.

रवि. २६ जाने.

लाइन १९७.५, माझा आकडा २०२. झाले १८१. पहिल्या क्वार्टरलाच कळलं होतं, दोन्ही टीम थकलेल्या, बॉल बाहेरच्या बाहेर फिरतोय. तरी शेवटपर्यंत बघत बसलो. रोडेलचा मेसेज नाही. मुकुट नाही, सायांग नाही. दोनदा फोन हातात घेतला, ठेवून दिला.

सोम. २७ जाने.

मिर्दिफ मागे पडलं. मग त्यानेच सांगितलं, समोर बघत. काल बाराशे लावले होते. हॉलचा अॅडव्हान्स होता. पंचवीसला पाठवायचा तो पाठवला नव्हता, रविवारची जिंकली की हॉल आणि वर लाइट-डेकोरेशनही होईल असा हिशेब.

बायकोला, लिझाला, फोन केला काल. काय सांगितलं? "बँक प्रॉब्लेम." तिने काही विचारलं नाही. हॉल रद्द केला. आता गल्लीतल्या बास्केटबॉल कोर्टावर करणार, वर पत्रा आहे, ऊन लागत नाही.

"इट्स ओके, सर. शेवटचा गुलाब काय, कोर्टावरही देता येतो. मी पोचलो म्हणजे झालं."

त्याच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ऑफिसात दिवसभर एक आकडा धड टाकता आला नाही.

मंगळ. २८ जाने.

सापडलं.

सकाळी नव्या टेंडरला हीच जुनी शीट उघडली. पाइपांची बेरीज मनात केली ती आणि खाली आलेली जुळेना. मग आठवलं. ओळ ४१. लपवलेली ओळ. वेस्टेज, गुणिले १.०३. मीच घातलेली, मीच लपवलेली, क्लायंटला दिसू नये म्हणून. पाइप कापताना तुकडे वाया जातात, म्हणून प्रत्येक बेरजेवर तीन टक्के. पाइप उरला तर कोणी विचारत नाही, कमी पडला तर साइटवरून शिव्या येतात. सोळा वर्षं असाच अंदाज करत आलोय, थोडा चढा. हाताला सवयच लागलीय.

बास्केटबॉलला मी वेस्टेज लावत होतो.

ती ओळ काढून आठही मॅच पुन्हा काढल्या. सहा वेळा अंडर. त्यांतल्या चार बरोबर. एकोणीसची, रिंगवर फिरून गेलेली: १९९. नेमकी १९९. आणि बारा तारखेची, अगदी पहिली, ज्यात रोडेलने मुकुट पाठवला, ती दुरुस्त शीटने चुकवली असती. पहिल्याच फटक्यात चुकली असती, आम्ही दोघं हसलो असतो आणि मी ती फाइल तिथेच बंद केली असती. चूक होती म्हणून जिंकलो, जिंकलो म्हणून विश्वास बसला.

शीट बंद केली. पुन्हा उघडून ओळ ४१ बघितली.

संध्याकाळी शु.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. बाराशे म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये, असं मोठ्याने म्हणाली. मग म्हणाली, "तू एकही लावला नाहीस?" नाही म्हटलं. "तेच तर," म्हणाली. "स्वतःचे असते तर ओळ ४१ पहिल्या दिवशी सापडली असती तुला."

वर्मावर बोट.

"उद्या सांग त्याला. गाडीतच सांग. ऑफिसात नको."

बुध. २९ जाने.

सांगितलं. बॉर्डरच्या रांगेत, गाडी बंद पडल्यासारखी उभी असताना. ओळ ४१, तीन टक्के, सहा अंडर, सगळं. माझी चूक आहे म्हणालो, तुझे बाराशे मी देतो म्हणालो.

त्याची नजर पुढच्या बसवर होती. मग म्हणाला, "सर, आय नो."

काय नो?

"तुमचा आकडा नेहमी वर येतो हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, सर. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते ते मला दिसतं."

मग लावलेस कशाला?

"कारण मला ओव्हर घ्यायचा होता." अगदी शांतपणे. "दोन वर्षं अंडर घेतोय. सगळे टाळ्या वाजवतात आणि मी एकटा गप्प बसतो. मुलीचा अठरावा आहे. या महिन्यात मलाही टाळ्या वाजवायच्या होत्या. तुम्ही अंडर सांगितला असता, तर मी तुम्हाला विचारणंच बंद केलं असतं."

पैसे घ्यायला साफ नकार. वर माझ्याच खांद्यावर थोपटलं.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. मी स्वतःला चोर समजत होतो, आणि इथे कळलं की तो दार उघडं ठेवून बसला होता. तरी आत मीच गेलो ना.

उतरताना दारात वाकून म्हणाला, "आता वेस्टेज काढलंत ना, सर? मग फ्रायडेचा नंबर?"

फाइल डिलीट केली असं सांगितलं. केलेली नाही. इथे तरी खरं लिहितो.

शुक्र. ३१ जाने.

पगार. पँट्रीत मॅरिविकने रोडेलला पाकीट दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी फोनवर वाढदिवसाचं गाणं लावलं. लाजून लाल झाला होता. बाजूला टेबलावर मॅच चालूच होती, प्रत्येक बास्केटला "ओव्हर, ओव्हर". पाकीट हातात घेऊन तोही वाकून स्कोअर बघत होता. मी त्याच्या पाकिटाकडे.

गाडीत विचारलं, तिकीट?

"नेक्स्ट वीक, सर. आत्ता सोळाशे आहे. खाली येईल."

"तिकीट खाली येत नाही रोडेल. तारीख जवळ आली की वरच जातं."

"नाही सर, पुढच्या आठवड्यात अंडर फिफ्टीन हंड्रेड. यू सी."

तो हसला. मी नाही हसलो. माझी शीट आल्यापासून पहिल्यांदाच त्याने अंडर घेतला, आणि तोही तिकिटावर.

शनि. १ फेब्रु.

अर्धा दिवस. घरी येऊन जेवलो. आजच्या मॅचचा आकडा काढला, वेस्टेज काढून. फक्त बघायला. १९१. त्यांची लाइन १९५.५. म्हणजे अंडर.

साडेतीनच्या आधी रोडेलचा मेसेज: सर, एनी नंबर? लास्ट टाइम.

काय करावं. आकडा समोर होता. बरोबर असेल असं वाटत होतं, आणि तीच भीती होती. बरोबर आला तर पुन्हा जीनियस, पुन्हा खुर्ची, आणि पाकीट अजून त्याच्या उशाखाली. नो नंबर, असं लिहिलं. मग आणखी एक ओळ: गो बाय द टिकेट. त्याने अंगठा पाठवला.

झाले १८७.

मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. टेबलावर हात आपटला मी. शु. आतून म्हणाली, काय पडलं? काही नाही म्हटलं.

सोम. ३ फेब्रु.

विचारायचं नव्हतं, विचारलं. शनिवारी लावलेस का? हो. किती? पाचशे. काय घेतलंस? ओव्हर.

"तुम्ही नंबर दिला नाही, सर. मग मला वाटलं ते घेतलं."

पाकिटातून? पाकिटातून. पाच हजारांतले साडेचार उरले. त्यात तिकीट, कायलाचा ड्रेस, कोर्टावरचं जेवण. अजून बसतंय सगळं, पण एक दिरहम इकडचा तिकडे करायला जागा नाही.

गाडी कडेला घेतली, पेट्रोल पंपावर. इंजिन बंद केलं. मी कधी कोणाशी असं बोलत नाही. म्हटलं, रोडेल, मला एक मुलगी आहे. ती समोर असून मी तिच्याबरोबर नाचलो नाही, तू नऊ तास लांब बसून प्लॉटरमागे पाय मोजतोयस. तू पोचला नाहीस तर तिला ते आयुष्यभर आठवेल, आणि मलाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आपण दोघं ट्रॅव्हल्सवाल्याकडे जायचं. तू आणि मी. मी गाडी काढतो.

त्याने मान हलवली. मग "ओके, सर." मग पुन्हा, "ओके."

डोळे पुसले त्याने, पंपावरच्या पोऱ्याला वाटलं काही विकत हवंय, तो पाण्याची बाटली घेऊन आला. घेतली. दोघं अर्धी-अर्धी प्यायलो.

बुध. ५ फेब्रु.

गेलो. देऱ्यातलं छोटं ऑफिस, काउंटरला केरळची मुलगी, हिंदी छान. रोडेलने पांढरा शर्ट घातला होता. मी म्हटलं एवढं काय, म्हणाला चार वर्षांनी तिकीट काढतोय.

२० तारखेची फ्लाइट, २१ ला पहाटे मनिला, २२ ला वाढदिवस. सोळाशे वीस. खाली आलं नव्हतं, वीसने चढलंच होतं. त्याने माझ्याकडे बघून हात वर केले, हरलो अशा अर्थाने. त्या क्षणी मला तो फार आवडला.

पाकीट काढलं. नोटा मोजून ठेवायला लागला. मुलगी म्हणाली, "ये वाला कॅन्सल नहीं होगा. रिफंडेबल चाहिए तो तीनसौ पचास एक्स्ट्रा."

मी नको म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं.

"रिफंडेबल," रोडेल म्हणाला.

साडेतीनशे. ज्याच्याकडे एक दिरहम इकडचा तिकडे करायला जागा नाही त्याने आठ हजार रुपये जास्त दिले, परत करता यावं म्हणून. मी त्याच्याकडे बघितलं. तो नोटा मोजत होता.

"जस्ट इन केस, सर. ऑफिसने रजा कॅन्सल केली तर?"

रजा मंजूर झालेली आहे. फॉर्मवर बॉसची सही झाली तेव्हा मी शेजारी उभा होतो, आणि त्याला ते माहीत आहे.

बाहेर आल्यावर फुटपाथवरच त्याने घरी व्हिडिओ लावला. तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. कायला शाळेच्या गणवेशात होती, आधी विश्वास बसेना, मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली, मागून लिझा आली, तीही. मला दाखवलं, "सर विनय." त्या मुलीने डोळे पुसत मला थँक्यू म्हटलं. तिकिटावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पूर्ण पैसे परत मिळायची मुदत १९ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा. ते तिला तिथून दिसलं नसणार.

मी हात हलवला, म्हटलं हॅपी बर्थडे, इन अॅडव्हान्स.

आज पाच तारीख. मध्ये मॅचचे दोन रविवार आहेत.